पिठावरची पावलं

टाकीचं झाकण आजही उघडं होतं.

जयमाला गच्चीच्या दारातच थबकली. काल संध्याकाळी तिनं स्वतः ते पत्र्याचं झाकण लावलं होतं आणि वर वीट ठेवली होती. वीट आता टाकीच्या पायरीपाशी सरळ ठेवलेली होती. वाऱ्यानं पडली असती तर तिचा एखादा कोपरा फुटला असता. वानरानं ढकलली असती तर लांब गेली असती. ही वीट कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून, आवाज होणार नाही अशा बेतानं खाली ठेवली होती.

तिनं चपला दाराशी काढल्या, टाकीच्या पायऱ्या चढून झाकण ओढलं. ओढता ओढता नजर आत गेलीच. पाणी काळं आणि स्थिर होतं. शेजारच्या कंपनीतल्या प्रेसचा धप्प असा आवाज झाला, आणि पाण्याच्या मधोमध एक बारीक वलय उठून कडेला जाऊन विरलं. दिवसभर असंच चालायचं. वरून थेंब पडावा तसं ते दिसे. पण वरून काही पडत नसे.

खाली उतरली तर दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू जयदीप बादली घेऊन जिन्यातच उभा. लातूरकडचा, रात्रपाळी करून आलेला, डोळे सुजलेले.

"काकू, आज पुना पीस आलंय बघा नळाला. काल पान आलतं. आता अख्खं कबूतर यायची वाट बघायलाव का?"

"झाकण लावलंय आत्ता. लेकरं जात असतील कुणाची तरी वर."

"लेकरं? आमच्या मजल्यावर समदे बिनलग्नाचेच हाव ओ आमी. लेकरं कुठून आणावं?"

जयमाला हसली. इमारतीत लेकरू एकच होतं, आणि ते अजून मान धरत नव्हतं.

चाकणजवळच्या निघोज्यातली ती इमारत जयमालाच्या नवऱ्यानं, बबनरावांनी, कंपन्यांना जमीन गेल्यावर बांधली. खाली कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, सगळ्यात वरच्या मजल्यावर घरची माणसं आणि त्यावर गच्ची. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांच्याच मळ्यातली विहीर होती. पाया घेताना ती मुरमानं बुजवली आणि शेजारीच बोअर मारलं. त्याच झऱ्यांचं पाणी आता मोटारीनं गच्चीवर चढत होतं. बबनरावांची आई गवराबाई तेव्हाच म्हणाली होती, "हिर खाली ऱ्हायली अन् पानी डोक्यावर आलं."

विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड होते, साती आसरा. पाणी जपणाऱ्या आणि मनात आलं तर माणूस धरणाऱ्या. यांना कुठं बसवायचं, असं गवंड्यानं विचारलं तेव्हा गवराबाईनं क्षणभरही विचार केला नाही. "पानी तितं त्या." म्हणून सिमेंटच्या टाकीच्या भिंतीत कोनाडा आला आणि कोनाड्यात सात दगड. टाकी कमरेएवढीच उंच, जिन्याची खोली आणि कठडा यांच्या मधल्या बोळात. वर उन्हासाठी पत्रा टाकलेला. बोळात वारा फारसा शिरत नसे. आवाज मात्र शिरे.

त्या विहिरीत शालन गेली होती. शालन म्हणजे बबनरावांच्या धाकट्या भावाची बायको, जयमालाची जाऊ. तिची मिनल तेव्हा तीन महिन्यांची होती. 'पाय घसरला' असं त्या दिवशी घरात कुणीतरी म्हणालं, आणि पुढे प्रत्येकानं तेच शब्द त्याच क्रमानं म्हटले. भाऊ दुसरं लग्न करून चाकणला राहायला गेला. मिनल जयमालाकडे वाढली. यंदा दहावीला होती.

शालनच्या दहाव्याच्या आदल्या रात्री रीतीप्रमाणे दिव्यापाशी पीठ पसरून वर पाटी झाकली होती. सकाळी पाटी उचलायची आणि बघायचं, पिठावर पाऊल कशाचं उमटलंय. पाखराचं, गाईचं, माणसाचं. ज्याचं असेल त्या जन्माला जीव गेला, असं मानायचं. शालनच्या पिठावर काहीच नव्हतं. काल चाळणीतून जसं पडलं तसंच ते गुळगुळीत होतं. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या आणि गवराबाई म्हणाली, "ती गेलीच न्हाई."

जयमाला तेव्हा तरणी होती. तिनं ते बोलणं मनावर घेतलं नव्हतं.

आता ती ते सारखं आठवत होती, आणि कारण होतं तनुजा.

तनुजा तिची सून. मुलगा सुरज कंपनीत सुपरवायझर; तनुजा थेरगावची, बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी लॅबमध्ये रक्त तपासायची. बोलायला लागली की घर भरून जायचं. तिची आई गेल्या वर्षी वारली, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. खोलीच्या खिडक्या जुन्या साड्यांनी बंद केल्या, शेगडी आली, शेपा-ओव्याची धुरी आली, तनुजाच्या कानांना फडकं बांधलं गेलं. पहिले काही दिवस ती रडली. बाळंतिणीनं रडू नये, दूध आटतं, असं सगळ्यांनी सांगितल्यावर तिनं रडणं थांबवलं. त्याबरोबर बाकीचंही बरंच थांबलं.

बाळ रडायला लागलं की ती आधी दाराकडे बघायची. कुणाचं तरी बाळ रडतंय आणि त्याची आई आता येईल, अशा नजरेनं.

"तनुजा, अगं भूक लागलीय तिला."

"हो?" असं म्हणून ती बाळ उचलायची. नीट उचलायची, मानेखाली हात घालून, एकदाही चूक न करता. लॅबमधली काचेची नळी उचलावी तशी.

ती नजर जयमालानं आधी एकदा पाहिली होती. शालनच्या चेहऱ्यावर.

येत्या शुक्रवारी सवा महिना पूर्ण होत होता. त्या दिवशी बाळंतिणीनं पाण्याला जायचं असतं. पूर्वी बाया विहिरीवर जात, आता टाकीवर. बाळाला कुशीत घेऊन बाळंतीण पाण्यात हळदकुंकू वाहते, वाकून आपलं आणि बाळाचं तोंड पाण्यात बघते, मग घागर भरून आणते. त्याच दिवशी बारसंही उरकायचं ठरलं होतं. सगळी तयारी चालू होती, आणि जयमालाला एकच चित्र दिसत होतं: उघडी टाकी, वाकलेली तनुजा, तिच्या हातात बाळ.

आणि कुणीतरी रोज ते झाकण आधीच उघडून ठेवत होतं.

सकाळच्या चहाला तिनं विषय काढला.

"अहो, टाकीला कुलूप लावा की."

"कशाला? वानरं असतील," बबनराव बशीतला चहा फुंकत म्हणाले.

"वानर वीट उचलून बाजूला ठेवतं का?"

"आजकालची वानरं शिकल्याली असत्यात. आयटीआय झाल्याली." स्वतःच्याच विनोदावर ते खूश झाले. "शुक्रवारचा कारेक्रम हूंदे, मग लावू. न्हाईतर ऐन वक्ताला किल्ली सापडायची न्हाई, आन् आख्ख्या भावकीम्होरं माझी शोभा."

गवराबाई भिंतीला टेकून बसली होती. अलीकडे ती बोलतच नसे. तिला दिसायला कमी आलं होतं, आणि लोकांना ती दिसायला कमी आली होती. येता-जाता माणसं तिच्या पायाला अडखळत. ती एकदम म्हणाली, "कुलपानं कोन थांबतंय? मी तवाच बोलले व्हते."

"आई, सकाळी सकाळी नको ते," बबनराव म्हणाले आणि उठले.

जयमालाच्या अंगातून उष्ण लाट गेली. हल्ली ती केव्हाही यायची. छातीपासून सुरू व्हायची, मानेवर चढायची, कानशिलं तापायची आणि मग घामानं पाठ गार पडायची. पाळी जाण्याचं वय, तिला ठाऊक होतं. त्याबद्दल तक्रार करावी असं काही तिला वाटत नव्हतं. झोप मात्र अगदी मोडली होती. आणि झोप मोडल्यापासून दिवसाचे काही तुकडे हरवायला लागले होते. कांदा चिरायला घ्यावा आणि पाहावं तर तो चिरून झालेला. दार लावायला जावं तर ते लावलेलं. काल दुपारी ती ओट्यापाशी उभी होती आणि पदराचं टोक ओलं होतं. भांडी तर अजून घासायची होती. तळहाताला लालसर भुकटी लागली होती. मिरचीची असेल म्हणून तिनं हात धुतले.

असं कधीपासून होतंय, असं तिला कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण विचारणार कोण? घरात बाळंतीण होती, दहावीची मुलगी होती, म्हातारी होती. जयमाला धडधाकट होती.

त्या संध्याकाळी तिनं झाकण लावलं, वीट ठेवली आणि स्वयंपाकघरातून बाजरीच्या पिठाचा डबा आणि बारीक चाळण घेऊन परत वर आली.

तिला स्वतःचीच लाज वाटत होती. मेलेल्या माणसाची रीत जिवंत घरात करू नये. पण झाकण कोण उघडतं हे शुक्रवारच्या आत कळायला हवं होतं. तनुजा असेल तर तिच्या हातात बाळ द्यायचं नाही, भावकी काही म्हणो. तनुजा नसेल तर... त्यापुढचं वाक्य तिनं मनातही पूर्ण केलं नाही. टाकीच्या पायऱ्यांपासून मागे सरत सरत तिनं बोळभर पीठ चाळलं. कोब्यावर बाजरीचं पीठ फारसं उठून दिसत नव्हतं. जमीन जरा मऊ झाल्यासारखी वाटत होती, एवढंच. शेवटी ती गच्चीच्या दारात आली. मागे कुठंही तिचं पाऊल नव्हतं. प्रेसचा धप्प आवाज झाला. पीठ हललं नाही.

"आत्याबाई, उद्या आसरांची पूजा मी करते. तुमी नका वर जाऊ," तिनं खाली येऊन सांगितलं.

"बरं," गवराबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम भर दुपारपर्यंत थांबली. दुपार ही आसरांची वेळ, असं जुनी माणसं म्हणत. निघोज्यात आता दुपारला दुसराच अर्थ आला होता: पहिली पाळी अजून कंपनीत, रात्रपाळीचे लोक खोल्यांचे पडदे लावून झोपलेले, जिना ओस. बबनराव चाकणला गेले होते. सुरज कामावर. तनुजाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून बाळाचा आवाज येत नव्हता.

जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर तिला पहिला पुसट ठसा दिसला. राखाडी, फक्त चवड्याचा. मग आणखी एक, मग एकमेकांवर पडलेले कितीतरी. सगळे खाली उतरणारे.

तिनं दार ढकललं. झाकण उघडं होतं. वीट पायरीपाशी सरळ.

ती पिठाच्या कडेलाच थांबली. भीती वाटत असतानाही तिच्यातलं काहीतरी थंड आणि नेटकं झालं होतं. एकेक पाऊल वेगळं काढून बघायचं, एवढंच तिनं ठरवलं.

डाव्या भिंतीलगत एक ओळ फरफटत गेली होती. पाऊल उचललंच नव्हतं, ओढलं होतं, आणि शेजारी काठीच्या टोकाची गोल टिंबं. ही गवराबाई. नको सांगितलं तरी आली. पण ओळ कोनाड्यापाशी थांबली नव्हती. कोनाड्यातल्या आसरांवर आजचं हळदकुंकूही नव्हतं. ओळ थेट पायऱ्यांकडे गेली होती. गुडघ्यांनी जिना चढवत नाही म्हणून रोज कण्हणारी म्हातारी टाकीच्या पायऱ्या चढली होती.

मधोमध सँडलचे ठसे, तळाची नक्षी स्पष्ट. मिनल. देवापाशी चपला काढायचं भान तिला कधी नव्हतं. पायऱ्यांपाशी ते ठसे एकाच जागी पुष्कळदा उमटले होते. बराच वेळ उभी राहिलेली मुलगी पाय बदलते तसे.

तिसरी ओळ अनवाणी, निमुळती, आणि दुसऱ्या बोटापाशी जोडव्याची बारीक रेघ. तनुजा. त्या पावलांच्या टाचा बोटांपेक्षा जास्त रुतल्या होत्या. पुढे काहीतरी धरून चालणारं माणूस मागे झुकतं तशा.

ती बाळाला घेऊन आली होती.

आणि चौथी ओळ होती.

घरात बाया चारच. तिघींची पावलं तिनं ओळखली होती आणि चौथी तर ती स्वतः इथं, पिठाबाहेर उभी होती. ही पावलं रुंद होती. टाचांना भेगा, भेगांच्या रेघासुद्धा उमटल्या होत्या. सरळ गेली होती, चढली होती, परत आली होती. घाई नाही, अडखळणं नाही. शालनचे पाय रुंद होते. चिखलातून चालत आली की जयमाला तिला चिडवायची, हत्तीण आली म्हणून.

आता पाण्याकडे बघायचं नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. पीठ बघ. त्या परतीच्या ठशांतला सगळ्यात जवळचा, उजव्या पायाचा ठसा तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याची करंगळी बाहेर वळलेली होती. पार बाहेर, बाकीच्या बोटांशी भांडल्यासारखी.

लहानपणी माहेरी खुरपं पडून जयमालाची करंगळी मोडली होती आणि वाकडीच बसली होती.

ती वाकली. आपला उजवा पाय उचलून त्या ठशाशेजारी पिठात टेकवला आणि काढला. दोन ठसे शेजारी शेजारी दिसत होते. एकाची बोटं टाकीकडे होती, दुसऱ्याची दाराकडे. एवढाच फरक होता.

मग पदराचं ओलं टोक आठवलं. तळहातावरची लाल भुकटी आठवली. तिनं हात पालथे करून पाहिले. नखांच्या कडेला विटेची लाली अजून होती.

जिची भीती होती तिचं पाऊल कुठंच नव्हतं. जयमालाला वाटलं, असतं तर बरं झालं असतं.

मागे जिन्यावर पावलांचा आवाज आला. हलका, अनवाणी. तनुजा वर आली. कान बांधलेले, खांद्यावर बाळ. सासूला बघून ती दचकली नाही. पळणार असंही तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती फक्त थांबली.

जयमाला दारात आडवी उभी राहिली. "दे तिला माझ्याकडं."

तनुजानं बाळ दिलं. इतक्या लगेच दिलं की जयमालाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"कशाला येतीस इथं?"

"मी फक्त बघते, आत्या."

"काय बघतीस?"

तनुजा विचार करत राहिली. अचूक शब्द शोधायची तिची जुनी सवय अजून शिल्लक होती. "पाण्यात बघितलं की डोक्यातलं थांबतं. थोडा वेळ. खाली सारखं चालू असतं, की ही माझ्याकडे नको, दुसऱ्या कुणाकडे असती तर बरी राहिली असती. इथं ते थांबतं. मग वेगळं सुरू होतं."

"वेगळं काय?"

"की एवढं शांत आहे तर दोघींनीच..." मग ती कोरड्या आवाजात म्हणाली, "शुक्रवारी मला वाकायला लावू नका, आत्या. एवढंच करा. मला माझी खात्री नाही."

जयमालानं तोंड उघडलं. काय बोलायचं ते तिच्याकडे तयार होतं. पिढ्यान्‌पिढ्या तयार होतं. असं बोलू नये. लेकराकडं बघ. आम्ही नाही का पोरं वाढवली. ते सगळं जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं, कारण तिची नजर खाली होती.

"हे बघ," ती म्हणाली. "हे पाऊल कुणाचं?"

तनुजानं पिठाकडे पाहिलं. बहुतेक पहिल्यांदाच तिला ते दिसलं असावं. "माझं."

"हे?"

"आजींचं. हे मिनलचं सँडल." ती खाली बसली. चौथ्या ओळीपाशी बोट नेलं, मग जयमालाच्या पायाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं.

"आत्या, तुम्हीसुद्धा?"

"मला आठवत न्हाई," जयमाला म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी वर आल्याचं मला आठवत न्हाई, तनुजा."

पाण्यात वलय उठलं आणि विरलं. दोघींनी ते पाहिलं. मग तनुजा उठली, पिठातून चालत गेली आणि तिनं झाकण लावलं. जयमालानं बाळ छातीशी धरलं होतं. तिला थांबवायला हात मोकळा नव्हता. झाकणाचा पत्रा वाजला. तनुजा परत आली.

"खाली चला," ती म्हणाली. "इथं नको."

संध्याकाळी बबनराव घरात शिरले तेव्हा त्यांना चौघी बाया एकाच खोलीत बसलेल्या दिसल्या. टीव्ही बंद. चूल बंद. टाकीच्या झाकणाला गोठ्याचं जुनं कुलूप लागलं होतं आणि किल्ली जयमालाच्या मंगळसूत्रात ओवलेली होती.

"कुणी गेलं का काय?" ते घाबरून म्हणाले.

"न्हाई," जयमाला म्हणाली. "उद्या सांगवीला जायचंय. तनुजाच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई हायेत, मनाच्या आजारावरच्या. गाडी तुमी काढा."

"मनाच्या? आन् कुनाला दाखवायचंय?"

"तनुजाला. मलाबी."

"तुला काय झालंय? चांगली हिंडतीस-फिरतीस." ते खुर्चीवर बसले. "आन् बाळंतिनीला सवा म्हैन्याच्या आत वेशीभायेर? शुक्रवारी पान्याचं हाय. लोक काय म्हनतील, पोरीला येड लागलं म्हनून..."

"बबन," गवराबाई म्हणाली.

ती एवढ्या मोठ्यानं बऱ्याच दिवसांत बोलली नव्हती.

म्हातारीनं लुगड्याचा काठ वर ओढला आणि पाऊल पुढं केलं. तळवा पिठानं राखाडी झाला होता. "माज्या बी पायाला पीठ हाय. बघ."

"आई, तू कशापायी...?"

"हितं मला दिसभर कोन हाक मारीत न्हाई. पान्यात तोंड दिसतं. वाटतं, हाय मी अजून. मंग वाटतं, असून काय करायचं." तिनं लुगडं सारखं केलं. "आन् आता आईक. शालनचा पाय घसरला न्हवता."

ते शब्द त्या घरात पहिल्यांदाच बोलले गेले होते. बबनरावांनी मिनलकडे पाहिलं, मग पटकन नजर काढून घेतली.

"मला ठाऊक आहे, काका," मिनल म्हणाली. ती गुडघे छातीशी घेऊन बसली होती. "शाळेतल्या पोरी सांगतात. मी बघायला जायचे, तिला काय दिसलं असेल. मग न बघताही जायला लागले. कुणाला सांगू? सगळे म्हणतात, दहावी आहे, म्हणून तसं वाटतं."

जयमाला तिच्याकडे बघत राहिली. या पोरीची वेणी ती रोज घालत होती.

"पान्याचं शुक्रवारीच करू," गवराबाई म्हणाली. "वटी कोनाड्यात भरायची. तोंड दाखवायची गरज न्हाई. आसरांनी आमची समद्यांची तोंडं बघितल्यात."

बबनरावांनी टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "सकाळी लौकर निघावं लागंल. चाकणच्या चौकात गाड्या अडकत्यात."

सांगवीच्या दवाखान्यात गर्दी होती. तनुजा आत बराच वेळ होती. बाहेर बाकावर बाळ जयमालाच्या मांडीवर झोपलं होतं; पलीकडे मिनल आणि गवराबाई एकच वेफर्सचं पाकीट खात होत्या, आणि गवराबाई प्रत्येक वेफर आधी डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. सुरज सुट्टी टाकून आला होता. तो दाराकडे बघत उभा होता.

डॉक्टरीणबाईंनी तनुजाच्या गोळ्या आणि पुढच्या वेळा समजावून सांगितल्या. या दिवसांत तिला आणि बाळाला एकटं ठेवायचं नाही, हे सुरजकडून वदवून घेतलं. हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो आणि बरा होतो, असं त्या म्हणाल्या. शब्द साधे होते. तनुजानं ते ऐकताना कानाचं फडकं सोडून हातात घेतलं होतं. मग बाईंनी जयमालाकडे पाहिलं.

"आणि तुम्ही? झोप लागते का?"

मला काय झालंय, मी बरी आहे. हे उत्तर जयमालाच्या तोंडात इतकं तयार होतं की ओठ हलायलाही लागले. तिनं मान खाली घातली. चपलेच्या पट्ट्याबाहेर उजव्या पायाची वाकडी करंगळी आली होती. सकाळी पाय घासून धुतले होते, तरी टाचेच्या भेगांत बाजरीचं पीठ अजून पांढुरकं दिसत होतं. ते तिथं केव्हा भरलं, ते तिला आजही आठवत नव्हतं.

"न्हाई लागत," ती म्हणाली. "आणि मी कुठं कुठं जाते, ते मला कळत न्हाई."